गुडघा मोजला, पायरी राहिली

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीतला तो अर्धगोल कोनमापक माहीत आहे ना? मी त्याचा थोरला भाऊ. जुना, पोलादी, दोन लांब हातांचा. तो कागदावरचे कोन मोजतो, मी माणसांचे. एक हात मांडीला लावायचा, दुसरा पोटरीला, मधली खीळ गुडघ्यावर ठेवायची, की गुडघा किती वाकतो ते मी अंशांत सांगतो.

मला कुठल्या कारखान्यात घडवलं ते आठवत नाही. पाठीवरचं नाव हाताळून हाताळून पुसलं गेलं आहे. आठवतं ते येमेनमधल्या सना शहरातलं व्यायामोपचार केंद्र आणि तिथल्या अफ्राहच्या पांढऱ्या कोटाचा उजवा खिसा. अफ्राह आखडलेल्या सांध्यांना पुन्हा चालतं करायची आणि माझ्या शब्दाशिवाय तिचं पान हलत नसे. मी म्हणेन तो आकडा वहीत जायचा. आकडा वाढला की रोगी हसायचा, नातेवाईक दुवा द्यायचे. मित्रांनो, मला गर्व झाला. माणसाचं अडतं ते त्याच्या सांध्यात, आणि सांधा मला कळतो; म्हणजे माणूस मला कळतो, असं मी धरून चाललो होतो.

मग हमामा आली.

हमामा म्हणजे गल्लीची सुईण. तीनशेच्या वर बाळंतपणं तिच्या हातची. ओल्या पायरीवरून घसरून तिचं मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा गुडघा लाकडासारखा झाला होता. मी मोजला, तर अडतीस अंश. तेवढ्यात धड खुर्चीवरही बसता येत नाही.

"किती दिवस लागतील, पोरी?" तिने विचारलं.

"खाला, घाई करून चालत नाही," अफ्राह म्हणाली. खाला म्हणजे मावशी.

"घाई मला नाही, माझ्या नबातच्या पोटातल्याला आहे. अकरा आठवडे राहिलेत."

नबात ही तिची एकुलती एक लेक. तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं आणि त्या दिवशी हमामा दुसऱ्या गावी अडकली होती. आता नबातने धोशा लावला होता की, बाळंतपण आई जवळ असेल तरच. शहरातले रस्ते त्या दिवसांत कधी बंद होतील याचा भरवसा नसे, आणि गल्लीत दुसरी सुईण नव्हती. नबातचं सासर उंच, निमुळतं, मजल्यावर मजले चढवलेलं. बाळंतिणीची खोली, घराच्या रीतीप्रमाणे, सगळ्यात वर.

अफ्राहने व्यायाम सुरू केले. आधी पाय सरळ ठेवून गुडघ्याखालची टॉवेलची गुंडाळी पाच मोजेपर्यंत दाबायची. मग टाच पलंगावरून हळूहळू आपल्याकडे ओढायची. मग पाय ताठ ठेवून वीतभर उचलायचा. सोपं जमलं की थोडं अवघड. दुखणं तासाभरात ओसरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर कालचं जास्त झालं.

"पाच मोजा, खाला."

"मोजायला मला शिकवतेस? अख्खी गल्ली माझ्या मोजण्यावर जन्माला आली आहे!"

अडतीसचे साठ झाले. मग ब्याऐंशी. एक आठवडा आकडा हललाच नाही. हमामा भिंतीकडे तोंड करून रडली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्या सळईला काय जातं बोलायला!" दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी हजर होती. पुढे केंद्रातल्या लाकडी जिन्यावर सराव सुरू झाला. तीन बुटक्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

आठव्या आठवड्याच्या शेवटी मी म्हणालो, एकशेपाच. हमामाने मनुका-बदाम वाटले. अफ्राहने वहीत लिहिलं, 'उपचार पूर्ण.' माझी छाती, असती तर, फुगली असती.

चारच दिवसांनी हमामाने अफ्राहला लेकीच्या घरी जेवायला बोलावलं. "तुझ्या देखत जिना चढते. बघच तू." सवयीने मीही खिशातून डोकं बाहेर काढून होतोच.

जिना पाहून अफ्राहचा हात खिशावर घट्ट झाला. दगडी, काळोखा, खडा जिना. कठडा नाही. हमामाने चांगला पाय वर टाकला, दुखऱ्या पायाने जोर दिला, चढली. दुसरी. तिसरी. चौथीला तोल गेला आणि हाताला लागली ती दोरी तिने धरली. ती होती रस्त्यावरचं दार वरूनच उघडायची दोरी. खाली धाडकन दार उघडलं आणि रस्त्यावर मुळे विकणाऱ्याने आत डोकावून विचारलं, "मला हाक मारलीत?"

कोणी हसलं नाही. सातव्या पायरीवर हमामा खाली बसली. तिचा श्वास मला खिशात ऐकू येत होता.

नबातचा नवरा यहया गवंडी होता. तो धावत खाली आला. "आई, पाठीवर बसा माझ्या."

"सुईण जावयाच्या पाठीवर बसून आली? गल्ली सात पिढ्या सांगेल! आणि तू कामावर असताना कळा आल्या, तर कोणाच्या पाठीवर बसू?"

वरून नबातची सासू कातिबा म्हणाली, "आमच्या सासूबाई सत्तरीतही ह्याच पायऱ्यांवरून जायच्या हो."

"वर जायच्या, विहीणबाई. खाली किती वर्षं उतरल्या नाहीत, तेही सांगा की!"

वर्षभर कातिबानेही रस्ता पाहिला नव्हता, हे मला मागाहून कळलं.

"तुझ्या सळईने तर एकशेपाच सांगितलं होतं," हमामा अफ्राहला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मी गुडघा घेऊन आले होते तुझ्याकडे, पोरी. जिना पाठीवर घालून कसा आणणार होते?"

अफ्राहने मला बाहेर काढलं. मला वाटलं, आता पुन्हा गुडघा. पण तिने मला उलटं केलं. माझ्या दोन्ही हातांच्या मागच्या कडेवर सेंटिमीटरच्या रेघा आहेत. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. तिने मला पायरीला टेकवून उभं केलं.

एकोणतीस. पुढची सत्तावीस. तिच्या पुढची तर माझ्या एका हाताला पुरून उरली. केंद्रातली पायरी पंधराची होती.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. गुडघा खरंच एकशेपाच वाकत होता. पण ज्याचा सराव करावा तेवढंच अंगात येतं, आणि आम्ही सराव केला होता पंधराचा. हमामा जिथे अडली होती ती जागा तिच्या गुडघ्यात अर्धीच होती. उरलेली अर्धी त्या दगडात होती, आणि तिकडे आम्ही दोघांनी डोळेझाक केली होती.

"चूक माझी, खाला," अफ्राह म्हणाली. मग यहयाकडे वळली. "प्रत्येक पायरीवर, भिंतीच्या बाजूने, विटांचा अर्ध्या उंचीचा टप्पा बांधता येईल?"

"सेहेचाळीस पायऱ्या आहेत."

"दिवस किती आहेत?"

"तुम्हीच सांगा," यहया म्हणाला, आणि सगळे वर उभ्या असलेल्या नबातच्या पोटाकडे बघू लागले.

यहयाने दुसऱ्याच दिवशी काम धरलं. कामावरून परतला की रोज चार-पाच टप्पे. ओला टप्पा आधी सुकायला हवा, म्हणून दोन दिवस पावसात वाया गेले. एका बाजूने जाड दोरखंड ताणून कठडा केला. टप्पे वेळेत झाले नाहीत तर, म्हणून इकडे केंद्रात अफ्राहने लाकडी जिन्यावर फळ्या ठोकून पायरी वीस केली, मग पंचवीस. हमामाचा गुडघा सुजला. दोन दिवस थांबावं लागलं. मी रोज मोजत होतो, पण आता आकडा सांगताना मला धास्ती वाटायची.

बत्तीस पायऱ्या झाल्या होत्या, चौदा उरल्या होत्या, आणि नबातच्या कळा आठवडाभर आधीच सुरू झाल्या.

तेव्हा हमामा आणि अफ्राह केंद्रातच होत्या; निरोप येताच निघाल्या. मी खिशात खोल, मला दिसत काही नव्हतं. रस्त्याचा गलका ऐकला, दार उघडल्याचा आवाज ऐकला, मग पावलं. चांगला पाय, दुखरा पाय. टप्पा, पायरी. टप्पा, पायरी. वरून नबातच्या कण्हण्याचा आवाज येत होता आणि हमामा चढता चढता दोन कळांमधलं अंतर मोजत होती. बत्तिसाव्या पायरीशी पावलं थांबली. पुढे नुसता खडा दगड.

"खाला, मी मागून धरते," अफ्राह म्हणाली.

हमामाने प्रयत्न केला. पाय लटपटला. दोघी भिंतीवर आदळल्या आणि माझी खीळ करकरली. "अंतर कमी होतंय गं," हमामा पुटपुटली.

तेवढ्यात वरून काठीचा आवाज आला. टक, टक. मागाहून ऐकलं, कातिबा एकेक पायरी बसत, सरकत खाली येत होती. तिच्या मागून यहयाच्या खांद्यावर हात टाकून नबात.

"विहीणबाई, बाळंतपण वरच्या खोलीत करायचं ना?" हमामाने धापा टाकत विचारलं.

"रीत माणसांसाठी असते," कातिबा म्हणाली. "जिना चढवत नसेल, तर खोली खाली उतरेल. ह्या मजल्यावर गादी टाकली आहे. बघत काय बसलात? मोजा!"

पुढचे दोन तास मी अंधारात काढले. कळा, कुजबूज, गरम पाण्याचं भांडं, आणि हमामाचं न चुकणारं मोजणं. मग ते मोजणं थांबलं. नबातने बारीक आवाजात विचारलं, "आई, रडत का नाही?" चोळण्याचा आवाज. आणखी चोळण्याचा. आणि मग, मित्रांनो, एक कर्कश, रागावलेलं, सुंदर रडणं.

थोड्या वेळाने अफ्राहने मला बाहेर काढलं, पुसलं, आणि हात पसरवून अगदी सरळ केलं. मला पहिल्यांदाच इतकं सरळ धरलं होतं, वाकणं मोजायला नव्हे. माझ्या शेजारी दुपट्यात एक मुलगी होती. टाळूपासून टाचेपर्यंत एकोणपन्नास.

आता माझी खीळ सैल झाली आहे. केंद्रात नवे, हलके, पारदर्शक कोनमापक आले आहेत आणि मी बहुतेक वेळ खणात पडून असतो. त्याचं फारसं दुःख नाही. पण अफ्राह कोणाच्या घरी निघाली की अजून मलाच नेते, मागच्या रेघांसाठी. नबातच्या घरी सेहेचाळीसही टप्पे पूर्ण झाले. त्यांच्यावरून रोज खाली उतरून गल्लीत ऊन खात बसते ती कातिबा.

मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या वर्गातला, तुमच्या घरातला कोणी कुठे मागे राहिला, तर त्याच्या पायाकडे बघण्याआधी एकदा आपल्या पायरीकडे बघा. पट्टी तर तुमच्या कंपासपेटीतही आहे.