रातपाळीचा आवाज

बमरोलीच्या त्या चाळीत धुडकू कामावरून घरी आला, हे कुणाला सांगावं लागत नसे. रात्रभर कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस सकाळी घटकाभर ओरडूनच बोलतो. कानात यंत्रं चालूच असतात, आणि त्याला वाटतं सगळं जगच बहिरं झालंय. धुडकू नुसता चहा मागायचा, तरी घर डोक्यावर घ्यायचा. अखाजीच्या सणानंतर लग्न होऊन सुषमा या घरात आली, तेव्हा पहिल्याच सकाळी तिला वाटलं, सासरे आपल्यावर चिडलेत. सासूने, मालतीबाईने, हसत तिची समजूत घातली होती.

घर म्हणजे एक खोली. चार मोठी माणसं तिच्यात मावायची ती पाळ्यांच्या जोरावर. सुषमाचा नवरा गोपाल पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये दिवसपाळीला. तो सकाळी बाहेर पडला की मागोमाग धुडकू येऊन त्याच गादीवर आडवा व्हायचा. रात्री धुडकू लूमवर, मालतीबाई शेजारच्या चंपाबाईकडे सोबतीला, आणि खोली नव्या जोडप्याची. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. इतकी वर्षं दिवसपाळी करणाऱ्या धुडकूने मुलाच्या लग्नाच्या महिन्यात रातपाळी मागून घेतली, एवढंच. सुषमाला ते कळत होतं. पण बोलून दाखवायची सोय नव्हती. त्यांच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. पदर सावरून ताट सरकवायचं, काही सांगायचं असेल तर सासूच्या तोंडून.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका सकाळी धुडकूने हळू आवाजात चहा मागितला. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग धुण्याला बसल्यावर सुषमाच्या लक्षात आलं की त्याच्या सदऱ्यावर ऑइलचे डाग नाहीत. मफलर तेवढा दवाने दमट झालेला.

सुषमा भोळी असेल, आंधळी नव्हती. पण खरं सांगायचं तर तिला कळून घ्यायचंच नव्हतं. दमून आलेला गोपाल जे दोन शब्द मोकळे बोलायचा, ते दार लावल्यावर. माहेरी भावंडांच्या गर्दीत वाढलेल्या या पोरीला जन्मात पहिल्यांदा दाराला आतून कडी लावायला मिळाली होती. ती कडी कोण सुखासुखी सोडेल? तिने तोंडात मिठाची गुळणी धरली आणि डाग नसलेले सदरे मुकाट्याने धुतले.

मग धुडकूला खोकला लागला. दुपारी तो गादीवर उठून बसायचा आणि तोंडावर मफलर दाबून खोकायचा, बाहेर ओट्यावर बसलेल्या सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून. सुषमाला स्वतःची लाज वाटली. त्याच दिवशी ओट्यावर पीठ मळता मळता तिने सासूला सासऱ्यांबद्दल विचारलं, "मामा लूमवर जातस ना?"

मालतीबाईचा कांदा चिरणारा हात थांबला. "शेठनी काढी टाकं. तुटेल धागा डोयाले दिसे ना." मग तिने दाराकडे पाहून आवाज उतरवला. "उधना ठेशनवर बसतस रातभर. पगारना दिवस येस तोवर झाकाई जाई. तू गोपालले सांगू नको, बाई. जागा नही म्हनीसन तो आम्हले गावले धाडी देई. गावले आते आमनं कोन शे?"

सुषमाने हात धुतले. पीठ झाकून ठेवलं आणि ट्रंकेतून आपली एक जुनी साडी काढली.

संध्याकाळी नळावर तोंड धुऊन आलेल्या धुडकूने इकडेतिकडे न बघता मफलर गुंडाळला, चपला घातल्या, खुंटीवरचा डबा उचलला. डबा हलका लागला. त्याने झाकण उघडून पाहिलं, तर आत काही नव्हतं. दारात सुषमा उभी होती, डोक्यावर पदर, नजर जमिनीवर.

"मामा, आज नका जाऊ," ती म्हणाली. "मी डबा भरा नही. आठे घरमाच जेवा."

लग्नानंतर सासऱ्याशी बोललेले हे तिचे पहिले शब्द. धुडकू गडबडला, आणि एकदम ओरडला, "पाळी चुकी जाई!"

कितीतरी दिवसांनी तो आवाज खोलीत घुमला. पण माणूस असा ओरडतो तो लूमवरून परतल्यावर, जाताना नव्हे. हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, खुद्द धुडकूलाही. त्याने हळूच चपला काढल्या. वळला तर खोलीच्या मधोमध भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती, तिच्यावर सुषमाची साडी. पलीकडे सासू-सासऱ्यांचं अंथरूण घातलेलं. धुडकू त्या अंथरुणाकडे बघत राहिला, मग ताटापाशी येऊन बसला. मालतीबाईने डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात गोपाल आला. बापाला या वेळी घरात बघून दारातच थांबला. "आज सुट्टी शे का, दादा?"

धुडकूने घास खाली ठेवला आणि काहीतरी म्हणाला. गोपालला ऐकू गेलं नाही. ज्या बापाचा आवाज लहानपणापासून चाळीच्या टोकापर्यंत ऐकला, त्याचे शब्द ऐकायला त्याला आज खाली वाकावं लागलं.

"आते रोजनीच सुट्टी, भाऊ," धुडकू पुन्हा म्हणाला.

गोपाल सरळ झाला. त्याने आईकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, मग सुषमाकडे. ती मान खाली घालून उभी होती. गोपालने हातातला डबा ठेवला आणि दोरी ओढून पाहिली.

"ढिली शे," तो म्हणाला. आणि गाठ सोडून त्याने ती पुन्हा घट्ट बांधली.