बटण नंबर तीन

मी मीटर बोलतोय. विजेचा नव्हे, टीव्ही बघण्याचा. घरात कोण कुठलं चॅनल किती वेळ बघतं ते टिपून घेणारा एक काळा डबा. माझ्यासारखे डबे थोड्याच घरांत बसवतात आणि त्या एकेका घरावरून हजारो घरांचा अंदाज बांधतात. म्हणजे माझ्या एका नोंदीला केवढं वजन, तुम्हीच बघा. आणि त्याच नोंदीची आता मला शिसारी येते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आयुष्य सुरू झालं ते भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कमधल्या एका दुसऱ्या मजल्यावर. कंपनीच्या माणसाने मला हॉलमधल्या टीव्हीखाली बसवलं, सोबत बटणांचा छोटा रिमोट दिला आणि बजावलं, "घरात मीटर आहे हे कुणाला सांगायचं नाही. ज्याने त्याने आपलं बटण दाबायचं. बघायला बसलात की एकदा, उठलात की परत." एक नंबर हरिश्चंद्रचा, त्याचं स्टेशनजवळ मोबाइल कव्हरचं दुकान. दोन नंबर त्याच्या बायकोचा, मनोरमाचा. तीन नंबर त्याच्या आईचा, कमळाबाईंचा.

पहिल्या दोघांनी आठवडाभर बटणं दाबली आणि कंटाळले. माणसांचं असंच, नव्याचे नऊ दिवस. कमळाबाईंनी मात्र एक रात्र चुकवली नाही.

त्या मूळच्या इथल्याच खारी गावच्या. नवरा राघो रात्रीच्या भरतीला खाडीत होडी काढायचा, तेव्हापासून त्यांची झोप उशिराची. राघो गेला, होडी विकली, जागरण तेवढं राहिलं. त्या जागरणाला सोबत होती गुणवंतची. एका जुन्या चॅनलवर साडेअकराला हा गृहस्थ खुर्ची टाकून बसायचा, दिवसभराच्या बातम्यांची थट्टा करायचा, आलेल्या पाहुण्याला बोलतं करायचा. शेवटी समोर बघून विचारायचा, "जेवलात ना? मग झोपा आता."

"जेवली रं पोरा. तू पन जेव," कमळाबाई टीव्हीला सांगायच्या. त्यांची पक्की समजूत होती की बटण दाबलं की गुणवंतला आपली हजेरी पोचते. तीन नंबर दाबला की माझा हिरवा दिवा लागायचा, आणि त्या वाकून मला विचारायच्या, "लिव्हलंस ना रं बाबा?" लिहायचो की! मन लावून लिहायचो. त्या घरात मला माणसासारखं वागवणारी तेवढी एकच बाई होती.

मग महिपत उगवला. दुसऱ्या चॅनलचा माणूस. साडेअकरालाच त्यांचा राज नावाचा सूत्रसंचालक असायचा. तो काय बोलायचा? बोलायचा कसला, बोंबलायचा! पाहुण्यांच्या अंगावर धावायचा, टेबल आपटायचा आणि रोज गुणवंतची टर उडवायचा, "पलीकडे एक काका अंगाई गातायत, झोप येत नसेल तर जा तिकडे!" माझा पत्ता महिपतला कसा लागला? हरिश्चंद्रनेच दुकानात कुणाजवळ तरी फुशारकी मारली असणार. त्याच्या पोटात तीळ भिजत नाही.

महिपत भलामोठा टीव्ही घेऊनच आला. "हरिश्चंद्रभाई, आपल्याकडून भेट. तुम्ही फक्त साडेअकराला राजचा शो लावून ठेवायचा. बघायलाच पाहिजे असं थोडीच आहे? लावून बिंदास झोपा ना!"

"कोणाला कळलं तर?" मनोरमाने विचारलं.

"भाभी, डब्याला काय तोंड असतं?"

नसतं रे मेल्या. म्हणून तर तुझी चैन.

मला नव्या टीव्हीला जोडून घेतलं. जुना टीव्ही कमळाबाईंच्या खोलीत गेला, मीटरशिवाय. कंपनीला त्याबद्दल कुणी अवाक्षर कळवलं नाही. "आई, तुला आता सेपरेट टीव्ही. आडवी पडून बघ तुझ्या गुणवंतला," हरिश्चंद्र म्हणाला. म्हातारीने त्याच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "माझा गुनाचा पोर हाय तो!" मला त्या क्षणी जळून जावंसं वाटलं.

कारण त्याच रात्री काय झालं ते ऐका. साडेअकराला कमळाबाई गुडघे धरत उठल्या, हॉलमध्ये आल्या, सवयीने तीन नंबर दाबला आणि आत जाऊन गुणवंतला बघत बसल्या. हॉलमध्ये काळं कुत्रं नाही आणि पडद्यावर राज बोंबलतोय. मी काय लिहायचं? जे समोर दिसतं तेच. बाई, वय बाहत्तर, राजचा शो, पूर्ण वेळ.

"आई, ते बटण आता..." हरिश्चंद्रने तोंड उघडलं होतं. मनोरमाने डोळे वटारले. दुसऱ्या रात्रीपासून आई अंधारात धडपडू नये म्हणून तो हॉलचा दिवा लावून ठेवायला लागला. काय ती मातृभक्ती! शी!

वर्षभर हे चाललं. गुडघे सुजले, ताप आला, तरी त्या उठायच्या. "मी न्हाय गेली तं त्याला कोन हाय?" गुणवंत वाचावा म्हणून ती बाई रोज चालत यायची आणि आपल्याच बोटाने त्याचा गळा दाबून जायची. मी बघायचो, लिहायचो.

परवा गुणवंतचा शेवटचा कार्यक्रम झाला. आतल्या खोलीतून त्याचा आवाज आला, "आकडे सांगतात की आम्हाला बघणारं कुणी उरलं नाही. तरी, कुणी असाल तर, जेवलात ना?"

"हाय रं पोरा! मी हाय!" कमळाबाई ओरडतच बाहेर आल्या आणि तीन नंबर दाबत सुटल्या. दिवा विझला, लागला, विझला, लागला. माझ्या डोक्यावरच्या पडद्यावर राज नाचत होता, "प्रेक्षकांनी निवाडा केला!"

"हरीश, मी बटन नीट न्हाय दाबलं काय रं? म्हनून बंद झाला?"

हरिश्चंद्रने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुझ्या एकटीने काय होतंय, आई? झोप जा."

हजारो घरांइतकं होतं रे, हलकटा! तिला सांग ना!

कंपनीची माणसं वाचत असतील तर एवढंच करा, माझी वायर उपटा. भंगारात टाका, चालेल. पण लवकर करा. गुणवंत परत यायचा असेल तर हजेरी मोडायला नको, म्हणून ती अजून उठते. आत्ताही उठलीय. हॉलचा दिवा लावून ठेवलेलाच आहे. आली, तीन नंबर दाबला, वाकली.

"लिव्हलंस ना रं बाबा?"

लिहिलं, आई. राजच्या नावावर.