आमेनच्या गाठी

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, उजव्या बाजूला मूठ असलेली, हाताने फिरवायची. मित्रांनो, माझा काळा रंग आता जागोजागी उडाला आहे आणि अंगावरच्या सोनेरी वेलीतले एकच फूल धड उरले आहे. तरी सुई अजून सरळ चालते बरे का!

कारखान्यातून निघाले ती दुकानात आले आणि दुकानातून एका नव्या नवरीच्या घरी. खिडकीखाली माझी जागा ठरली. ती रोज सकाळी माझे झाकण काढायची, माझ्या लाकडी बैठकीला कपाळ टेकायची आणि प्रभूची प्रार्थना म्हणायची. मगच मुठीला हात. घरात कितीही घाई असो, हा नेम कधी चुकला नाही. नवरा बसचा ड्रायव्हर. एका पायात बूट, एक हातात, असा तो दाराशी थांबायचा. शेवटी हात जोडून तेवढे "आमेन" म्हणायचा आणि पळायचा.

"अहो, सगळी प्रार्थना मी म्हणायची आणि तुम्ही नुसते आमेनचे धनी," ती म्हणायची. "देवाला कळतं हं!"

"कळू दे की. माझं आमेन कधी चुकलंय का, ते सांग."

चर्चमधल्या कितीतरी बाळांची बाप्तिस्म्याची झबली माझ्याच सुईखालून गेली. पुढे पोरे तिला झबलेआजी म्हणू लागली. पाळकसाहेब म्हणत, "आजी, तुमच्या झबल्यात रडकं बाळसुद्धा शहाण्यासारखं दिसतं." असे कौतुक झाले की मी दिवसभर जास्तच खडखडायची.

मग एका सकाळी, मूठ फिरवता फिरवता आजीचा उजवा हात गळून पडला. अर्धांगाचा झटका आला होता. दवाखान्यातून ती घरी आली, तेव्हा तो हात मांडीवर कुणी आणून ठेवल्यासारखा पडून असायचा. जिभेवर शब्द येत नव्हते. पाणी हवे असले की ती पेल्याकडे नुसती बघायची. नवऱ्याला, म्हणजे आता पोरांच्या आजोबांना, "अहो" म्हणून हाक मारायला जायची, ओठ हलायचे आणि नुसती हवा यायची. आजोबा तरी वळून बघायचे.

माझ्यावर झाकण बसले आणि झाकणावर औषधांचे डबे. तेल वाळले. आता आपले संपले, असे मी धरून चालले.

अशात त्यांच्या लेकीला मुलगी झाली. पहिली नात! बातमी ऐकून शेजारीण आली.

"बाप्तिस्म्याला झबलं विकतचंच आणा आता," ती आजोबांना म्हणाली. "दुकानात काय एकेक मिळतात! आजींनी किती दिवस करायचं?"

तिच्या मनात काही वाईट नव्हते. पण आजीने भिंतीकडे तोंड फिरवले ते फिरवलेच. रात्री घास पुढे केला तरी ओठ घट्ट मिटलेले.

आजोबा घाबरले. सकाळी ते माझ्यापाशी गुडघे टेकून बसले. प्रार्थना सुरू केली खरी, पण जन्मभर म्हटला होता तो फक्त शेवटचा शब्द. मधेच अडले.

"देवा, पुढचं मला येत नाही रे. ती म्हणायची ना."

आणि पलंगावरून पुढची ओळ आली. तुटक नाही, अडखळत नाही, सबंध. तिच्या मागून पुढची. पेलाभर पाणी मागता येत नव्हते त्या तोंडून सगळी प्रार्थना बाहेर आली. आजोबांनी "आमेन" म्हणून हात जोडले आणि तसेच रडत बसले.

मी लोखंडाची, मला यातले काय कळणार? पण रोज घातलेला टाका किती खोल बसतो, ते त्या दिवशी मला कळले.

आजोबांनी औषधाचे डबे उचलले, झाकण काढले, मला तेल पाजले आणि आजीला माझ्यासमोर आणून बसवले. "चल, नातीचं झबलं शिवू. डावा हात तुझा, उजवा माझा. अख्खी बस चालवलीय मी, तुझं चाक ते केवढं!"

पण त्यांनी मूठ अशी गरगरा फिरवली की कापड वाकडेतिकडे पळाले. आजीने डोळे वटारले.

"बरं बरं, हळू घेतो. पण किती हळू?"

सांगायला शब्द कुठे होते? आजीने प्रार्थना म्हणायला घेतली. तिच्या लयीवर आजोबांचा हात आपोआप सावकाश झाला. "हां, हा गिअर होय!" ते म्हणाले.

एकच घोळ व्हायचा. आमेन आले की आजोबा मूठ सोडून हात जोडायचे. चाक किंचित उलटे फिरायचे आणि दोऱ्याची बारीक गाठ पडायची.

"जन्माची सवय आहे बाई," ते ओशाळून म्हणायचे, "आता कसली मोडते?"

काही दिवस वाईट जायचे. डावा हातही ऐकायचा नाही. आजी कापड ढकलून द्यायची, हुंदके द्यायची. आजोबा त्याची घडी घालून ठेवायचे. सकाळी पुन्हा तिचे कपाळ माझ्या बैठकीवर असायचे. लाकूड कधीकधी ओले व्हायचे. मग पुन्हा मूठ फिरायची.

बाप्तिस्म्याच्या दिवशी लेक बाळाला घेऊन आली. झबल्याचा घेर तिने बोटांनी चाचपला.

"बाबा, या गाठी कसल्या? टोचतील तिला. थांबा, एवढा भाग उसवून पुन्हा घालते." तिने कात्री उचलली.

आजोबांची मान खाली गेली. "माझ्यामुळेच झाल्यात गं. काढ."

तेवढ्यात आजीचा डावा हात घेरावर येऊन पडला. ओठ हलले.

"अ... अहो!"

लेकीच्या हातातली कात्री तशीच राहिली.  आजोबा वळले आणि रोजच्यासारखे म्हणाले, "काय गं?"

आजीने मान हलवली. नाही, उसवायचे नाही. तिने आपला डावा तळवा पुढे केला. आजोबांनी आपला उजवा त्याला जोडला.

"आमेन," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या झबल्यात नात आता मावत नाही. आजी "अहो" आणि आणखी थोडेच शब्द बोलते, पण आजोबांचे तेवढ्यावर भागते. माझे मागणे लहानसे आहे. घरातल्या जुन्या मशीनला अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि कुणाचा हात थांबला, तर त्याच्यावर झाकण घालू नका. शेजारी बसा, मूठ धरा, त्याच्या लयीने फिरवा. आमेनला हात जोडावेसे वाटले तर खुशाल मूठ सोडा. तेवढी गाठ चालते.