दुकानदारानं बघायचं नाही

ठोकळ्यांच्या खोक्यावर चिठ्ठी चिकटवून तिने ती तळहाताने दाबून धरली. गोंद अजून ओला होता आणि कागदाचा एक कोपरा सारखा वर येत होता. शेजारी आणखी पाच खोकी ओळीने मांडलेली होती: गाड्या, प्राणी, भातुकली, रंग, आणि इतर. 'इतर'साठी सगळ्यात मोठं खोकं ठेवावं लागतं, एवढं वाचनालयातल्या बावीस वर्षांच्या नोकरीने तिला शिकवलं होतं.

"ताई, खेळणं घ्यायच्या आधी पोरींनी तुझ्याकडे कार्ड काढायचं का?" शिडीवरून भावाने विचारलं. तो भिंतीत फळीसाठी भोकं पाडत होता. त्याच्या भुवयांवर पिवळसर भुकटी बसली होती.

"हो. आणि आवाज केला तर बाहेर काढणार."

"मग पहिला मलाच काढशील." त्याने ड्रिल पुन्हा भिंतीला लावलं. "हे दोन दिवस जरी असंच टिकलं ना, तर मी नाव बदलून घेईन."

ती हसली. हसताना तिची नजर खिडकीखाली फरशीवर गेली. तिथे चार काळपट डाग होते. आईच्या शिवणमशीनचे पाय सहा वर्षं तिथे टेकलेले होते. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत ही आईची खोली होती. आता मशीन कोपऱ्यात सरकवलेलं होतं, त्यावर चादर होती, आणि धाकट्या पुतणीचं, नाही, भाचीचं बोट अडकू नये म्हणून पायडल सुतळीने बांधून टाकलं होतं. आपण कोणाचे कोण, हे या घरात तिला हल्ली क्षणभर आठवावं लागे. भिंतींना भावजयीने निवडलेला फिका पिवळा रंग लागला होता. रंग चांगला होता. त्याला नाव ठेवण्यासारखं काही सापडत नव्हतं, याचाच तिला सकाळपासून राग येत होता.

भावजय धाकटीला कडेवर आणि फोन खांद्यात धरून आत आली.

"हो सर, चारच्या आत पाठवते... हो, नक्की." फोन बंद करून तिने खोक्यांची ओळ पाहिली. "ताई, काय केलंत हो हे! मला वाटलं होतं, आठवडा तरी जाईल."

"पडदा राहिलाय अजून."

"तो मी लावते. त्याची वरची पट्टी उलटी आहे. आईंनी मुद्दाम तशी घेतलीय, धुवायला काढताना सोपं जातं."

पडदा कात्रणांचा होता. निळ्या कापडावर हत्ती, मासे, एक किटली, तीन पायांचा घोडा. चौथ्या पायाला कापड पुरलं नसावं.

"दोन महिने बसल्या होत्या यावर," भावजय म्हणाली. "मी म्हटलं, आई, उरका की आता. तर म्हणाल्या, कात्रणाला घाई केली की ते रुसतं." ती हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले, अगदी सहज, घाम पुसावा तसे.

हे वाक्य तिने आईच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिच्या लहानपणी आई कात्रणांशी बोलत नसे. खरं तर कोणाशीच फारसं बोलत नसे. दिवसभर तोंडात टाचण्या धरलेल्या बाईला काय बोलता येणार? तिच्या स्वतःच्या घरात राखाडी रंगाचे तयार पडदे होते. आईने फोनवर दोनदा खिडक्यांची मापं मागितली होती. 'कशाला डोळ्यांना त्रास,' ती दोन्ही वेळा म्हणाली होती. आणि भावजयीसारखं असं जाता जाता डोळे पुसणं तिला तीन महिन्यांत एकदाही जमलं नव्हतं.

तिने भातुकलीचा ढीग पुढे ओढला. डबा त्याच्या तळाशी सापडला.

बिस्किटांचा, पत्र्याचा, चौकोनी डबा. झाकणावर शिडाचं जहाज. तिच्या वेळी शीड लाल होतं, आता ते अंगठ्यांनी घासून पांढरं पडलं होतं. झाकणाच्या कडेला कोणीतरी तीन चकचकीत चांदण्या चिकटवल्या होत्या.

'हात लावायचा नाही. लोकांचं आहे ते.' डब्याबद्दल आई तिच्याशी एवढंच बोलली होती. आत बटणं होती. शिंपल्याची, लाकडाची, काचेची, कोटाची चार भोकांची. सात वर्षांची असताना ती शाळेतून आली की मशीनपाशी फरशीवर येऊन बसायची. काज-बटणं करताना आईच्या सुईतला दोरा संपायचा. मग आई खिडकीकडे तोंड करून, सुई उजेडात धरून नवा दोरा ओवू लागायची. तेवढ्यात झाकणाशी झटापट करून तिची दोन बोटं डब्यात जाऊन यायची. एका वेळी एकच बटण. दोन हिवाळ्यांत अकरा जमली होती. ती तिने एका जुन्या मोज्यात लपवली, आणि तो मोजा पुढे घर बदलताना कुठे गेला कोणास ठाऊक. आईला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, याचा लहानपणी तिला अभिमान होता. मोठी झाल्यावर तो राहिला नाही.

आई गेली तेव्हा भाऊ म्हणाला होता, 'तुला हवं ते ने, ताई.' तिने शाल नेली. डबा कुठे दिसला नव्हता, आणि मागणं जिवावर आलं होतं. या खेपेला ती आली होती ती मदतीला म्हणून, पण बॅगेच्या तळाशी जागा ठेवून.

तिने झाकण उघडलं. बटणं होती. त्यांत एक प्लास्टिकचा डायनासोर आणि दोन खोडरबर येऊन पडले होते.

"अगं, हा डबा इथे नको," ती म्हणाली. आवाज हवा तसा निघाला, काळजीचा. "धाकटी सगळं तोंडात घालते. एखादं बटण गिळलं म्हणजे?"

"मीही आईंना हेच म्हणायचे. मग त्या ही झोपली की काढायच्या डबा. आजी आणि मोठी नात, दोघी दुपारभर इथे फरशीवर. आई तर चक्क पालथ्या पडून! तुम्ही बघायला हवं होतं."

ती झाकण लावत राहिली. ते मघाशीच लागलं होतं.

"मी नेऊ का मग? माझ्याकडे नीट राहील."

भावजय पडद्याच्या कड्या मोजत होती, ती थांबली. "न्या की. म्हणजे... मोठीला एकदा विचारा. डबा तिचा आहे. आईंनी वाढदिवसाला दिला तिला. येईलच आता शाळेतून." तेवढ्यात फोन वाजला, धाकटीने त्यावर झडप घातली, आणि दोघी बोलत-रडत बाहेर गेल्या.

डबा तिचा आहे. 'लोकांचं आहे ते', असं त्या पोरीला कोणी सांगितलं नव्हतं.

भावाची पाठ इकडे होती. तिने डबा आईच्या शालीत गुंडाळला आणि बॅगेच्या तळाशी ठेवला. वर दोन कपडे घातले. चेन शेवटची चार बोटं लागेना. सात वर्षांच्या पोरीला जाऊन विचारायचं तरी काय? माझ्या आईचा डबा मी नेऊ का?

"ताई, फळी सरळ दिसतेय?"

"डावीकडून जरा खाली घे."

"तू अगदी आईसारखी बोलतेस. तिला सगळं जरा खालीच हवं असायचं. पोरीचा हात पोचला पाहिजे म्हणून."

त्याने फळी खाली घेतली, शिडी मिटली आणि ती खांद्यावर टाकून, दाराला एक धक्का देऊन तो बाहेर पडला.

मोठी भाची दप्तर दारातच टाकून आत आली. तिने एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचली. 'इतर'पाशी थांबून तिने आत डोकावून पाहिलं आणि मान डोलावली, वरिष्ठांनी पाहणी करावी तशी.

"आत्या, सगळं तू केलंस?"

"हो. आवडलं?"

"छान आहे. पण दुकान कुठंय?"

"कसलं दुकान?"

"आमचं. माझं आणि आजीचं." ती बुटकं स्टूल ओढत खिडकीपाशी गेली आणि त्या चार काळ्या डागांच्या मधोमध तिने ते बरोबर ठेवलं. "इथं असतं ते. आणि डबा?"

"बघू नंतर. आधी मला खेळ तरी सांग." तिने पायाने बॅग थोडी मागे सरकवली.

भाची स्टुलावर बसली आणि मंद मुलाला समजावावं तशा सुरात सांगू लागली. "मी दुकानदार. म्हणजे शिवणारी. आजी गिऱ्हाईक. पहिल्यांदा जाडे काका येतात. त्यांचं पोटावरचं बटण उडतं आणि कोणाच्या तरी चहात पडतं. मग घाईवाली बाई. तिला सगळं आत्ताच्या आत्ता पाहिजे असतं. आणि शेवटी वेणीवाली."

"ती कोण?"

"मुलगी आहे एक. दोन वेण्या असतात तिला. आजीचे केस तर एवढेसेच होते, मग ती चष्म्याच्या दोन्ही काड्यांना रिबिनी बांधायची." भाची खुदकन हसली, मग एकदम गंभीर झाली. "वेणीवाली बोलत नाही हं. ती येते आणि खाली बसते. नुसती बसते. मग दुकानदारानं तिकडे तोंड करून सुईत दोरा ओवायचा. तेव्हा ती एक बटण घेते. एकच."

"मग दुकानदार तिला पकडतो."

"नाही!" भाचीने कपाळाला हात लावला. "दुकानदारानं बघायचं नाही. हाच तर खेळ आहे. मी एकदा पकडलं होतं, तर आजी म्हणाली, असं नाही करायचं. पकडलं तर ती उद्यापासून येऊन बसणार नाही."

बाहेर भावाने शिडी कशावर तरी आपटल्याचा आवाज झाला, त्यावर भावजयीचं काहीतरी बोलणं. आत ती फरशीवर बसली होती. आपण कधी खाली बसलो, हे तिला आठवेना.

"दोरा ओवायला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"खूप. मुद्दाम चुकवायचा असतो. आजीला खरं तर एका फटक्यात जमायचं. पण झाकण घट्ट असतं ना, आणि वेणीवालीची बोटं लहान."

"हं."

"आणि ती बटणं कुठं ठेवते, सांगू? मोज्यात. अकरा झाली की खेळ संपतो."

तिचा हात मानेमागे गेला. तिथे आता आखूड कापलेले, अर्धे पांढरे केस होते. तिने तो तसाच खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"आजीने सांगितलं नाही, ती वेणीवाली कोण होती ते?"

"कोण म्हणजे? वेणीवाली."

पोरीला माहीत नव्हतं. पण मोजा माहीत होता, अकरा माहीत होतं, आई दोरा का चुकवते हे माहीत होतं. चाळीस वर्षं जे तिला कोणी सांगितलं नाही ते या पोरीला कित्येक दुपारी, पोटावर पालथं पडून, रिबिनी लावून सांगितलं गेलं होतं. तिला त्या पोरीचा इतका हेवा वाटला की क्षणभर तिच्याकडे पाहवेना. ती पडद्यावरच्या तीन पायांच्या घोड्याकडे बघत राहिली.

"तू होतेस का वेणीवाली?" भाचीने विचारलं. "आईला नाही जमत. ती सारखी बोलते. तुला जमेल."

"मला जमेल?"

"तू नुसती बसतेस ना." मग भाचीने आजूबाजूला पाहिलं. "पण डबा नाहीये. असू दे. खोटं खोटं करू."

ती स्टुलावर वळून खिडकीकडे तोंड करून बसली. एक हात वर धरला, त्यात नसलेली सुई. दुसऱ्या हाताच्या चिमटीत नसलेला दोरा. तिने दोरा जिभेवर ओला केला, एक डोळा मिटला. सुई थोडी उजेडाकडे कलती केली. हे तिने कोणाचं पाहून उचललं होतं ते सांगायला नको होतं.

बॅगेच्या चेनचा आवाज खोलीत मोठा झाला. भाचीचं डोकं हललं नाही.

"छे, चुकला," ती खिडकीला म्हणाली.

शाल उलगडताना बटणं डब्यात खळखळली. तिने श्वास धरला. मग डबा तिने स्टुलाशेजारी फरशीवर ठेवला. झाकण घट्ट होतं. नखं लावून, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, त्याला वर ढकलावं लागलं. तिने दोन बोटं आत घातली. जे लागलं ते उचललं आणि न बघता मूठ मिटली. ते थंड होतं. काचेचं असावं.

"झालं?" भाचीने विचारलं.

वेणीवाली बोलत नाही. ती गप्प बसून राहिली.

भाची वळली. तिने डब्याकडे पाहिलं. मग फरशीवरच्या शालीकडे, आणि शालीवरून उघड्या बॅगेकडे. तिथे तिची नजर थोडा वेळ थांबली.

मग ती स्टुलावर फिरून खिडकीकडे तोंड करून बसली आणि तिने सुई उजेडात धरली.

"थांब हं," ती म्हणाली. "निसटला परत. मला वेळ लागेल अजून."