अक्काचा अभिप्राय

आठ दिवस रंजिता स्वतःचीच वेबसाइट सजवत होती. दुसऱ्यांच्या वेबसाइट करून पोट भरणारी बाई, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं होतं. हिच्या स्वतःच्या वेबसाइटकडे पाच महिन्यांत एक गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. तिने निळ्याचा हिरवा केला, हिरव्याचा पुन्हा निळा केला, फोटो बदलला आणि डोळे चुरचुरायला लागले तशी खुर्चीतच मान टाकली. थकली होती बिचारी. बेंगळुरूबाहेर होसकोट्याच्या एका कारखान्यात नोकरी मिळत होती, राहायची सोयही तिथेच. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. तोवर एकही काम आलं नाही तर ही खोली सोडून जायचं, असं तिने ठरवून घरी सांगूनही टाकलं होतं.

शुक्रवारी चिकपेटेतून, बेंगळुरूच्या जुन्या कापडबाजारातून, बोलावणं आलं. मल्हारराव साड्यांचे ठोक व्यापारी, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेल्या मराठी घराण्यातले. सुनेने त्यांना रंजिताची वेबसाइट दाखवली होती. रंजिता दुकानात पोचली तेव्हा गादीवर बसून त्यांनी मोबाइल नाकाशी धरला आणि वेबसाइट पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. निळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं बोट थांबलं ते एका अभिप्रायावर. ‘वेबसाइटमुळे आमचा धंदा दुप्पट झाला. महानंदा चौगुले, कडक भाकरी व शेंगाचटणी, निपाणी.’

“या बाईंचा नंबर दे, अम्मा,” ते म्हणाले. “नव्या माणसाला काम द्यायच्या आधी आम्ही बाहेर विचारतो. पेटेची रीतच आहे.”

महानंदा म्हणजे रंजिताची सख्खी थोरली बहीण, आणि ते वाक्य रंजितानेच लिहिलेलं. आपल्याच हाताने आपली पाठ थोपटून घेतली होती. अक्काला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, तुला बरं वाटेल ते लिही. सासरचं आडनाव वेगळं, कुणाला कळतंय, असं रंजिताला वाटलं होतं. आता अक्काला सावध करायलाही वेळ नव्हता. तिने नंबर सांगितला.

मल्हाररावांना कमी ऐकू यायचं. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि तिला हातानेच गप्प राहायची खूण केली.

“बेंगळूरहून बोलतोय, चिकपेटेतून. रंजिता म्हणून मुलगी वेबसाइट करते, तिचं काम कसं आहे?”

“माझीच बहीण ती, अण्णा.” अक्का एका दमात सांगून मोकळी झाली. खोटं तिला कधी जमलंच नाही. “कामाला वाघ आहे. दोन महिने खपून केली हो माझी वेबसाइट.”

“ऑर्डर येतात त्यावरून?”

अक्काच्या मागे भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

“तीन वर्षांत एक नाही आली. त्यात फॉर्म भरायचा आहे, नाव, ईमेल, पिनकोड. भाकरी घ्यायला कोण एवढं लिहितंय? माझी गिऱ्हाइकं फोन करतात. पण तिला सांगू नका हां. ती विचारते तेव्हा मी म्हणते, येतात की. एवढ्या लांब एकटी राहते पोर, कशाला जिवाला लावून घ्यायला पाहिजे.”

रंजिताने मान खाली घातली. गादीवरच्या पांढऱ्या चादरीला कॉफीचा डाग पडला होता, त्याच्याकडे ती पाहत राहिली. तिला फार लाज वाटली. खोट्या वाक्याची वाटलीच, पण तीन वर्षं फुशारकीने ‘येतात ना ऑर्डर?’ असं विचारत राहिल्याची जास्त वाटली.

मल्हाररावांनी फोन ठेवला आणि कॉफी मागवली. रागावलेले दिसले नाहीत.

“तुझ्या वेबसाइटवर पण नंबर नाही. तो फॉर्म सुनेनं भरला म्हणून तू इथे आहेस. आमच्या दारात कुणी नावगाव लिहून घ्यायला बसलं असतं, तर हे दुकान आजोबांच्या काळातच बंद पडलं असतं. आधी बहिणीचं नीट कर. तिला ऑर्डर आल्या की ये, मग बघू. सरी?”

“सरी,” तीही कन्नडात ‘ठीक’ म्हणाली. म्हणजे काम काही हातात पडलं नाही.

खोलीवर आली तेव्हा पाय दुखत होते. तरी चप्पल काढून ती तशीच लॅपटॉपपुढे बसली. आधी तिने स्वतःच्या वेबसाइटवरचा अभिप्राय काढून टाकला. मग अक्काची वेबसाइट उघडली, फॉर्म काढला आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि कन्नडात फोन नंबर टाकला. काम सगळं वीस मिनिटांचं. तेच तिच्या मनाला जास्त लागलं.

मग मोबाइलवर अक्काची वेबसाइट उघडून तिने त्या नंबरवर बोट ठेवलं. पिठाच्या हातांनी अक्काने नाव न बघताच फोन घेतला.

“हॅलो, किती भाकऱ्या पाहिजेत?”

“वीस. आणि पाव किलो शेंगाचटणी. नंबर वेबसाइटवर मिळाला.”

“त्या चिकपेटवाल्यांनी सांगितलं वाटतं तुला,” अक्का हळूच म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती गिऱ्हाइकाशी बोलायच्या आवाजात म्हणाली, “ही पहिली बघ. थांब, लिहून घेते. पत्ता कुठला घालू? होसकोट्याचा काय?”

“नको,” रंजिता म्हणाली. “इथलाच घाल.”