जूनमधली हीटरची फेरी

घटस्फोट झाला तेव्हा गेर्लिंड आणि आन्सगारने भांडीकुंडी, पुस्तकं, तळघरातल्या वाइनच्या बाटल्यासुद्धा वाटून घेतल्या. लाल स्पोर्ट्स कार तेवढी वाटता येईना. ती दोघांच्या नावावरच राहिली, आणि दर जूनमध्ये एका रविवारी दोघं तिला जर्मनीतल्या नूरबुर्गरिंगच्या शर्यतीच्या ट्रॅकवर फिरवायला आणू लागली. आधी तो चालवायचा, ती शेजारी बसायची. गेल्या दोन वर्षांपासून मात्र तो आपणहून तिच्या शेजारच्या, उजव्या सीटवर जाऊन बसे. "तू चालव. मला जरा आराम हवाय," म्हणे. माणूस वयाबरोबर निवळतो, असं गेर्लिंडला वाटलं होतं.

या खेपेला हवा अगदी पडली होती. ओढ्याकाठच्या पॉपलरच्या झाडांचा कापूस सुटून सगळ्या डोंगरावर तरंगत होता. खाली यायची त्याला घाईच नव्हती.

ट्रॅकच्या फाटकापाशी रांगेत उभं असताना ती म्हणाली, "आन्सगार, मी पोर्तुगालला जातेय. कायमची. गाडी तू ठेव."

"बघू," तो म्हणाला. "आधी चालव तर खरी, आजीबाई."

इंजिनातलं तेल नीट तापेपर्यंत तिने गाडी हलक्या पायाने नेली. मग पाय जड केला. वळणं एकामागून एक पायाखालून निघून गेली. ओढ्यावरचा पूल ओलांडला आणि जंगलातला लांबलचक चढ लागला. पुढे एक चंदेरी गाडी होती. गेर्लिंड तिच्या शेपटीला चिकटून चढू लागली. बीच जातीची झाडं दोन्ही बाजूंनी हिरव्या पाण्यासारखी वाहत होती, आणि आपण चढतोय की तरंगतोय, हे तिला क्षणभर कळेना.

मग तिचं तापमानाच्या काट्यांकडे लक्ष गेलं. पाण्याचा काटा मधली खूण सोडून वर सरकला होता. तेलाचा त्याच्याही पुढे.

"तापतेय," ती म्हणाली.

"त्या चंदेरीच्या मागून बाहेर हो. सगळी हवा तीच खातेय."

ती बाजूला झाली. काटा तरीही चढतच राहिला. तिने पाय काढला, वरचा गिअर टाकला, इंजिनाचा आवाज खाली आणला. गाडी उजव्या कडेला घेतली, आणि मागच्यांनी पुढे जावं म्हणून उजवा दिवा लुकलुकत ठेवला.

"हीटर लाव," आन्सगार म्हणाला.

"जूनमध्ये? वेड लागलंय?"

"इंजिनातली गरमी आपल्या अंगावर घ्यायची. लाव पूर्ण! काचा खाली कर."

तिने बटण शेवटपर्यंत फिरवलं. भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ दोघांच्या तोंडावर आली. घाम डोळ्यांत उतरला. दोघं हसत सुटली, किती तरी वर्षांनी अशी, कारण नसताना.

मागून गाड्या सपासप निघून जात होत्या. गेर्लिंडचे डोळे आरशावर होते. "काटा कुठवर आलाय, बघ ना."

त्याने मान जरा तिरकी केली.

"आन्सगार, काटा!"

"दिसत नाही मला."

"म्हणजे?"

"दोन वर्षं झाली. बघायला जावं तिथे मधोमध धुक्याचा डाग असतो. कडेकडेचं दिसतं. झाडं जाताना दिसतात. काटा नाही दिसत." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "मला गाडी देऊन काय करणार तू? मी तिला रोज पुसत बसू?"

गेर्लिंडला त्याला खूप काही ऐकवायचं होतं. आराम हवाय म्हणे! पण मागून अजून एक गाडी येत होती, तिला वाट द्यायला हवी होती. गाडी पुढे गेल्यावर गेर्लिंड म्हणाली, "सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू मला जपून नेलं असतंस. मला असं हवं होतं, जोरात."

मग तिने काटा बघितला. "पाणी उतरायला लागलंय."

"तेल?"

"ते अजून हट्ट धरून बसलंय."

"ते उशिराच उतरतं. घाई नको करूस."

चढ संपला. पुढे उतार होता, सावली होती. ती काटे सांगत गेली आणि तो वळणं सांगत गेला. प्रत्येक वळण येण्याआधी, त्या न दिसणाऱ्या मधल्या जागेतून आठवून. आता डावीकडे, आता खाली, आता उजवीकडे लांब. एकही चुकलं नाही. वाऱ्यावर कापूस काचेतून आत येत होता, त्याच्या पांढऱ्या मिशीवर बसत होता. त्याला ते कळत नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नाही. शेवटच्या लांब सरळ रस्त्यावर वारा भरपूर मिळाला, तेव्हा कुठे तेलाचा काटा खाली आला.

वाहनतळावर तिने इंजिन लगेच बंद केलं नाही. थोडा वेळ तसंच चालू राहू दिलं आणि इंजिनावरचं मागचं झाकण उघडलं. मग पुढे येऊन, वाकून गाडीच्या नाकाशी असलेल्या जाळ्या बघितल्या. रेडिएटरवर कापसाची जाड गोधडीच बसली होती. तिने ती बोटांनी सोलून त्याच्या हातात दिली.

"हे बघ तुझं दुखणं," ती म्हणाली. मग जीभ चावली.

"गाडीचं," तो म्हणाला. "माझं काढता येत नाही." आणि ते मऊ ओझं तो कितीतरी वेळ तळव्यावर तोलत राहिला.

संध्याकाळी तिने त्याला जवळच्या आडेनाऊ गावात घरी सोडलं. दारात उभी राहून म्हणाली, "सप्टेंबरात गाडीनेच जाणार आहे पोर्तुगालला. फ्रान्समधल्या लिऑंपर्यंत चल. तिथून रेल्वेने परत ये."

"आणि काटे?"

"मी वाचेन."

सप्टेंबरात दोघं निघाली. लिऑंच्या स्टेशनासमोर तिने गाडी थांबवली, त्याने दार उघडलं, एक पाय खाली टाकला आणि पुन्हा आत घेतला. "पुढच्या गावालाही स्टेशन असेलच की," तो म्हणाला.

दर स्टेशनाला तसं करत करत तो थेट दक्षिण किनाऱ्यावरच्या नारबॉनला उतरला, समुद्राच्या वाऱ्यात, पिशवी खांद्याला लावून. गेर्लिंडने इंजिन चालूच ठेवलं. गर्दीत त्याची टोपी दिसेनाशी झाली, तेव्हा तिने गिअर टाकला आणि दक्षिणेची वाट धरली.