ऑगस्टचे डिझेल

मित्रांनो, मी काही फार जुना नाही. चौदा हिवाळे पाहिलेला, मागे जोडचाके असलेला, डिझेलवर चालणारा एक पांढरा पिकअप ट्रक आहे. माझ्या जातीचे ट्रक याच्या दुप्पट वर्षे सहज ओढतात. तरी माझी गोष्ट मला आजच सांगून टाकायची आहे, कारण सकाळपासून वारा उत्तरेकडून यायला लागला आहे.

कारखान्यात माझे इंजिन साखळीने खाली उतरवले, तेव्हा एक कामगार म्हणाला होता, "हा डोंगरसुद्धा ओढेल." ते ऐकून मी फुशारलो. माझ्या पोटात कोण काय भरेल यावर माझे सगळे नशीब टांगलेले आहे, हे मात्र मला कोणी सांगितले नाही.

अमेरिकेच्या उत्तरेला, नॉर्थ डकोटातल्या गाड्यांच्या एका दुकानाबाहेर मी उभा होतो. शेजारी माझ्यासारखाच दिसणारा एक ट्रक होता, फक्त तो पेट्रोलवर चालणारा. व्हर्लिन ट्वेटन आणि त्याची बायको आर्डिस आमच्या दोघांच्या मधे उभे राहून पाऊण तास भांडले. त्यांची गुरे पाळायची मोठी जमीन होती.

"वर्षातून चार वेळा गुरं बाजाराला न्यायची," आर्डिस म्हणाली. "बाकी दिवस तू फाटकापर्यंत जाऊन टपाल आणतोस. डिझेलला लांब पळवावं लागतं, नाहीतर काजळीनं त्याचा घसा बसतो. आणि थंडीत त्याचे लाड कोण करणार? पेट्रोल बरं, किल्ली फिरवली की सुरू."

"उतारावर ट्रेलर मागून ढकलायला लागला की कळेल तुला पेट्रोल. डिझेल तो रेटा सहज धरून ठेवतं."

"हे तू बोलतोयस की गेलेन?"

गेलेन साथर हा त्यांचा शेजारी. त्याच्याकडे आधीच डिझेलचा ट्रक होता. व्हर्लिनने माझ्या चाकाला लाथ मारून पाहिली आणि मला घरी नेले.

खोटे कशाला बोलू, ते दिवस सुखाचे होते. गुरांनी भरलेला ट्रेलर मी चढावर न धापता ओढला. चर्चबाहेर पुरुष माझ्याभोवती गोळा व्हायचे. त्यांची घरची जुनी पेट्रोलची पिकअप, जिला मी म्हातारी म्हणायचो, ती झाडांच्या रांगेआड गेली. मला तिची दया यायची, आणि खरे सांगायचे तर थोडा आनंदही व्हायचा.

एक गोष्ट मात्र त्या प्रदेशात सगळ्यांना ठाऊक असते. डिझेलमध्ये मेण असते. उन्हाळ्यातले डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होते आणि फिल्टर तुंबतो. म्हणून ऑक्टोबर लागला की शहाणा माणूस अंगणातल्या टाकीत थंडीचे पातळ डिझेल भरतो. रात्री आमच्या नाकातून लोंबणारी वायर खांबावरच्या विजेला जोडतात, म्हणजे इंजिन उबदार राहते. शिवाय प्रत्येक गाडीत कॉफीचा एक पत्र्याचा डबा असतो. त्यात जाड मेणबत्ती, काड्या आणि चॉकलेट. हिमवादळात अडकलात तर गाडी सोडायची नाही, मेणबत्ती लावून बसून राहायचे.

आर्डिसने तो डबा माझ्या सीटखाली तीनदा ठेवला. व्हर्लिनने तीनदा म्हातारीत नेऊन टाकला. "डबा पेट्रोलवाल्यांना लागतो," तो हसत म्हणायचा. मीही हसायचो.

माझ्या बाराव्या हिवाळ्यात जानेवारीतल्या एका सकाळी माझी टाकी तळाला गेली होती. थंडीचे डिझेल चाळीस मैलांवर, गावात. अंगणातल्या टाकीत ऑगस्टचे अर्धे उरलेले होते. व्हर्लिनने तेच भरले.

"ते उन्हाळ्यातलं आहे ना रे?" आर्डिसने दारातून विचारले.

"रात्रभर वायर लावली होती. इंजिन कसं ताज्या पावासारखं गरम आहे."

मित्रांनो, वायरीने इंजिन गरम होते, टाकी नाही. एवढीच चूक. ट्रेलरवर वाळले गवत लादून आम्ही नऊ मैलांवरच्या कुरणाकडे निघालो. पाच मैलांवर माझा दम कोंडला. सहाव्या मैलावर, फोन लागत नाही अशा एका घळीत, मी बंद पडलो. तोवर बर्फ आडवा यायला लागला होता.

व्हर्लिनकडे जादा फिल्टर होता. तो बदलण्यासाठी त्याने हातमोजा काढला. उणे तीस अंशांत गार डिझेल त्याच्या उजव्या हातावर सांडले. नवा फिल्टरही तुंबला. मग तो आत येऊन बसला आणि त्याचा डावा हात सवयीने सीटखाली गेला. तिथे काही नव्हते. जे मेण नको होते ते माझ्या पोटात गोठले होते, आणि जे हवे होते ते घरी डब्यात पडले होते. मी त्याला ऊब देऊ शकलो नाही. त्याचा श्वास माझ्या काचेवर गोठत जाताना मी पाहत राहिलो.

त्याला बाहेर काढले ते म्हातारीने. आर्डिस दर रविवारी चर्चहून आल्यावर तिला दहा मिनिटे सुरू ठेवायची, हे मला ठाऊकच नव्हते. दुपारच्या जेवणाला नवरा आला नाही, तशी तिने कुंपणाच्या कडेकडेने पिकअप हाकत आणली. डबा तिच्या शेजारच्या सीटवर होता.

त्या गार डिझेलने गोठलेली व्हर्लिनची तीन बोटे कापावी लागली. पण गावात त्याने सांगितले, की हात गवताच्या यंत्रात सापडला. आर्डिस गप्प बसली. त्या माणसांत नवऱ्याची लाज चारचौघांत काढत नाहीत.

त्यानंतर तो माझ्यात बसला नाही. गेल्या महिन्यात त्याने मला गेलेनला विकून टाकले. निघताना आर्डिसने डबा पुढे केला. "हा राहू दे सीटखाली. आणि गेलेन, तुझ्या टाकीतलं..."

"आर्डिस, त्याला उशीर होतोय," व्हर्लिन म्हणाला.

"डबा? डिझेलमध्ये?" गेलेन हसला. अगदी व्हर्लिनसारखाच. त्याने डबा कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि किल्ली फिरवली. व्हर्लिनने निरोपाला उजवा हात वर केला. त्या हाताला दोनच बोटे होती, आणि गेलेनने नजर दुसरीकडे वळवली.

आज सकाळी गेलेनने मला त्याच्या अंगणातल्या टाकीशी उभे केले. नळी माझ्या पोटात घातली. चव ओळखीची आहे. ऑगस्टची. रात्रभर त्याने वायर लावली होती आणि इंजिन छान उबदार आहे. मागे ट्रेलर जोडून झाला आहे.

व्हर्लिनच्या घरापासून इथवर दोन मैल आहेत. त्याच्या घरी फोन आहे. त्यानेही खिडकीतून हा वारा पाहिला असेल.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना नीट जपा, आमच्या पोटात काय भरता ते पाहून भरा. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. मला बोलता येत नाही. तुम्हाला येते.

गेलेन दार उघडतो आहे.